साठ किलोंचा संसार

परदेशी कायमचे राहावयास निघालेल्या मनुष्यापुढे पहिली अडचण कोणती उभी राहते, असे कोणी सहा महिन्यांपूर्वी आम्हांस विचारले असते, तर तेथील भाषा, थंडी, औषधपाणी किंवा एकांतवास यांपैकी काहीतरी सांगून आम्ही मोकळे झालो असतो. आज विचाराल तर निःशंकपणे 'बंब' असे उत्तर देऊ. आमच्या घरचा पाणी तापविण्याचा बंब तांब्याचा आहे, त्याची तोटी पितळेची आहे, आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्यात कोणी एक ढलपी घातलेली नाही. तो नेता येत नाही हे उघड आहे. म्हणून मोडीच्या दुकानदारास घरी बोलाविले. त्याने बंबाच्या पोटावर टिचकी मारून किलोचा भाव सांगितला, आणि आमच्या तोंडून 'विचार करून सांगतो' असे शब्द निघून गेले. अशा विचार करून सांगण्याच्या वस्तूंची यादी आजमितीस चार पृष्ठांची झाली आहे.

आमचा मुलगा बारा वर्षांपासून ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे असतो. आईबापांनी आता एकटे राहू नये हा त्याचा आग्रह, आणि आमच्या गुडघ्यांनी जिने चढू नयेत हा डॉक्टरांचा. त्या दोघांचे एकमत झाल्यावर आमच्या मताची कोणास गरज उरली नाही. सोलापुरात उत्तर कसब्यातील आमचे घर धाब्याचे, हातभर जाडीच्या भिंतींचे. वर माळवद. वैशाखात पारा चव्वेचाळिसाकडे झुकू लागला की सायंकाळी त्या माळवदावर पाणी शिंपडावयाचे, सतरंज्या टाकावयाच्या, आणि पहाटेचा वारा अंगावर घेत निजावयाचे, असा आमच्या तीन पिढ्यांचा परिपाठ. घर विकत घेणारा गृहस्थ भला आहे. किमतीत त्याने घासाघीस केली नाही. पण त्याला घर नको आहे, जागा हवी आहे. जागा रिकामी करून द्यावी एवढीच त्याची अट. विमान कंपनीची अट अशी की, माणशी तीस किलो. उभयतांचे मिळून साठ. बेचाळीस वर्षांचा आमचा संसार, त्याच्या पोटात वडिलांचा आणि त्याच्याही पोटात आजोबांचा. त्यांतून साठ किलो वेचून काढावयाचे!

मुलाने आकड्याला टांगून वजन पाहण्याचा एक लहानसा काटा पाठविला आहे. तो आल्यापासून सौभाग्यवतींची दृष्टीच बदलली. पूर्वी एखादी वस्तू हाती घेतली की ती कोणी दिली, केव्हा दिली, आणि देताना देणाऱ्याने काय टोमणा मारला, हे त्या सांगत असत. हल्ली प्रथम वजन सांगतात. सोलापूरची चादर म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला आमच्या गावचा अभिमान. दोन्ही बाजूंनी पांघरावी, वीस वर्षे धुवावी, तरी तिचा रंग तिच्या जागी. पण अभिमानास वजन फार. आठ चादरींचे बारा किलो झालेले पाहून त्यांतील सहा शेजारीपाजारी गेल्या. एक सुनेसाठी ठेवली, आणि एक का ठेवली हे त्यांनी सांगितले नाही.

त्यातच ऑस्ट्रेलिया सरकारचा जाच निराळा. लाकडाची वस्तू, बीबियाणे, वनस्पतीचे भाग, खाद्यपदार्थ, इतकेच काय, माती लागलेले जोडेसुद्धा, जे काही बरोबर असेल ते विमानतळावर लिहून द्यावे लागते आणि तपासनिसापुढे उघडून ठेवावे लागते. हा नियम ऐकताच प्रथम आम्हांस राग आला. मग आठवले की, त्या देशात १८५९ साली कोणा हौशी गृहस्थाने शिकारीसाठी मूठभर ससे सोडले, आणि पुढे त्या सशांनी खंडच्या खंड कुरतडून टाकले. एकदा असे पोळल्यावर पाहुण्याच्या पोळपाटाकडे कोणीही संशयाने पाहील. तेव्हा पोळपाट राहिला, पाट राहिले, माजघरातला सागवानी देव्हारा राहिला. शेंगाची चटणी मात्र लिहून देऊन, तपासनिसास दाखवून, नेण्याचे ठरले आहे. ती त्याने नाकारली तर आमची हरकत नाही. पण चाखून नाकारावी.

ग्रंथांची गोष्ट दुःखाची म्हणून थोडक्यात सांगतो. एका ग्रंथालयाकडे विचारणा केली. त्यांनी फार आदराने बसविले, चहा दिला, आणि जागा नाही म्हणून सांगितले. पन्नास-साठ पुस्तके विद्यार्थ्यांनी नेली. मासिकांचे बांधीव खंड अद्याप पडवीत आहेत आणि रद्दीवाला दर रविवारी आमच्या प्रकृतीची चौकशी करून जातो. पणजोबांच्या हातच्या पोथीचा प्रश्न मात्र कायद्यानेच सोडविला. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी मोलाची वस्तू, आणि वाङ्मयीन वा ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुने, खासगी माणसास देशाबाहेर नेता येत नाही. पोथी शके १८२० ची, म्हणजे सव्वाशे वर्षांची. पणजोबांचे शुद्धलेखन पाहता तिला वाङ्मयीन मोल कितपत आहे, याविषयी आम्हांस शंका आहे. पण त्या शंकेचा फायदा आम्ही कायद्यास दिला. राजवाडे व मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यास स्थापिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे ती सोपवावी असे ठरले, आणि एक निर्णय आपण न घेता झाला म्हणून त्या रात्री झोप चांगली लागली.

देवांचा निर्णय सौभाग्यवतींनी एका वाक्यात लावला. कुलस्वामिनीचा टाक आणि खंडोबाचा टाक हे या घराचे. ते धाकट्या चुलत दिरांकडे तुळजापुरास जातील. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण त्यांनी लग्नात माहेराहून आणले होते. "ती दोघं एकदा माझ्याबरोबर घर सोडून आलीच आहेत, त्यांना सवय आहे," असे म्हणून त्यांनी त्या दोन मूर्ती हातरुमालात गुंडाळून हातपिशवीत ठेवल्या. वजन केले नाही.

एवढे सगळे भराभर उरकत असता एके दिवशी काही कागदांच्या कामासाठी आम्ही भय्या चौकाकडे गेलो होतो. तेथे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घराचे स्मारक आहे. इतकी वर्षे त्याच्यावरून गेलो, पण ज्याला स्वतः परदेशी जावयाचे आहे अशा माणसाच्या दृष्टीने त्याकडे पूर्वी कधी पाहिले नव्हते. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा तरुण डॉक्टर सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून मुंबईहून चीनला निघाला. पथकात पाच डॉक्टर होते. काही काळ युद्धातील जखमींची शुश्रूषा करून परत यावयाचे, अशा बेताने ते गेले होते, आणि बाकीचे चौघे आलेही. कोटणीस राहिले. तेथील रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तेथील परिचारिकेशी, क्वो छिंगलान हिच्याशी, त्यांनी विवाह केला, मुलाचे नाव 'यिनहुआ' म्हणजे भारत आणि चीन असे जोडून ठेविले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच देह ठेवला. तसबिरी पाहता पाहता आमच्या मनात एक क्षुद्र प्रश्न आला; क्षुद्र असला तरी सांगतो. त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंचे, पुस्तकांचे, कपड्यांचे, घरच्या माणसांनी काय केले असेल? बहुधा काहीच नाही. जो परत यावयाचा आहे त्याच्या वस्तू कोणी हलवीत नाही. उलट पाहावे तर आनंदीबाई जोशी. १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेस गेल्या, वैद्यक शिकून परत आल्या, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास वारल्या. आणि त्यांची रक्षा मात्र त्यांना तिकडे लेकीसारखे वागविणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पोचून न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी गावच्या दफनभूमीत विसावली. जो परत येण्यासाठी गेला तो गेलाच, आणि जी परत आली ती पुन्हा गेली. मग आम्ही जी यादी करीत बसलो आहोत, 'न्यावयाचे', 'द्यावयाचे', 'विकावयाचे', ती कशाच्या जोरावर? प्रत्येक वस्तू देताना आम्ही परत न येण्याच्या कागदावर एकेक सही करीत होतो, हे त्या जिन्यावरून उतरताना प्रथम ध्यानात आले. सौभाग्यवतींनी ती दुसरी चादर का ठेवली तेही ध्यानात आले. अर्थात आम्ही विचारले नाही.

घरी आलो तो भांडी वाट पाहत होती. नव्या पिढीच्या वाचकांस सांगावयास हवे की, पूर्वी लग्नात आहेर म्हणून जे भांडे येई, त्यावर देणाऱ्याचे नाव घालून घेण्याची चाल होती. कासाराच्या दुकानीच एक मनुष्य छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला असे, आणि टकटक करीत तो 'चि. सौ. कां. अमुक हीस मामांकडून सप्रेम भेट' असे ठिपक्याठिपक्यांचे अक्षर उमटवी. त्यामुळे आमची फडताळे म्हणजे एक प्रकारे नातलगांची वंशावळच आहे. परात म्हणजे बार्शीचे मामा, घंगाळ म्हणजे पंढरपूरची आत्या, फुलपात्रांचा जोड म्हणजे वडिलांच्या गिरणीतले हेडक्लार्क. मोडीच्या काट्यावर मामा आणि हेडक्लार्क एकाच भावाने जावेत, हे काही आम्हांस पटेना. तेव्हा ज्याचे नाव त्याच्या वंशजास भांडे परत करावे, अशी एक कल्पना आम्ही काढली आणि ती फार उदात्त आहे असे आमचे आम्हीच ठरविले. अनुभव संमिश्र आला. पंढरपूरच्या आतेबहिणीने घंगाळ मांडीवर घेतले आणि बराच वेळ आईचे नाव बोटाने चाचपीत बसली. बार्शीच्या मामांचा नातू दूरध्वनीवर नम्रपणे म्हणाला, "काका, आमच्याच माळ्यावर तुमच्या घरच्यांच्या नावाचे तीन डबे आहेत, ते तुम्ही कधी नेताय?"

अशा प्रकारे एकेक नाव वाचीत शेवटी उरला तो एक पितळी हंडा. न्हाणीघरात दाराशेजारी असे. आमच्या लहानपणापासून नव्हे, पण कॉलेजच्या दिवसांपासून तरी तेथेच होता. त्याच्या गळ्याशी एक वाटोळी वाटोळी वेलबुट्टी होती. आम्ही तिला नेहमी नक्षीच समजलो. आता काम नावे वाचण्याचे होते म्हणून चिंच लावून तो घासला, आणि उजेडात धरला, तेव्हा ती वेलबुट्टी नव्हती. तेलुगू अक्षरे होती.

सोलापुरात राहणाऱ्यास याचे आश्चर्य वाटू नये. गावाचा पूर्व भाग म्हणजे तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती. येथील मागांवर चालणारे हात बहुतांशी तेलुगू बोलतात. आश्चर्य याचे की, जन्मभर त्या गावात राहून, जवळजवळ पन्नास वर्षे त्या हंड्यातून पाणी घेऊन, आम्ही एका माणसाचे नाव नक्षी म्हणून पाहत होतो. तेलुगू खिळे जुळविण्यात आयुष्य गेलेल्या एका वृद्ध गृहस्थाने ते वाचून दिले: एका मुलीचे नाव, तिच्या बापाचे नाव, आणि करीमनगरकडील एक गाव.

हे भांडे आमच्या घरी आलेच कसे? उत्तर वडिलांच्या लाल पुठ्ठ्याच्या वहीत मिळाले. वडील एका गिरणीत कारकून होते. सावकार नव्हते, हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. मुद्दाम लिहावेसे वाटते यातच काय ते आले. १९७२ च्या दुष्काळात माग थंडावले, बायामाणसे खडी फोडावयास गेली, आणि महिन्याचा पगार हाती येणाऱ्या माणसाच्या दारी भांडी येऊ लागली. वहीत अशा एकोणीस नोंदी आहेत. व्याजाचा रकाना नाही. अठरा नोंदींवर तांबड्या शाईची आडवी रेघ आहे, म्हणजे पैसे आले आणि भांडे गेले. एकोणिसावी अशी: 'साखर पेठ, मागवाले, म्हातारी स्वतः आली. हंडा पितळी १. रु. ४०.' तिच्यावर रेघ नाही. वडील विसरले असे लिहिण्याचा मोह होतो. पण ही वही त्यांच्या पेटीत सर्वांत वर होती, आणि ते १९९१ साली वारल्यानंतर ती पेटी आम्हीच उघडली होती, आम्हीच मिटली होती.

साखर पेठेत ते घर आता नाही. चौकशी करता करता कळले की कुटुंब कुंभारीस गेले. विडी वळणाऱ्या बायांनी कित्येक वर्षे लढून तेथे स्वतःच्या मालकीची दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या हस्ते तिच्या किल्ल्या दिल्या गेल्या. दहा हजारांत एक घर शोधावयाचे म्हणजे काय, हे ज्याने उन्हातून शोधले आहे त्यालाच ठाऊक. हंडा रिक्षात आमच्या दोघांच्या मध्ये बसला होता. "यांचं कोणी भेटलं नाही तर?" असे आम्ही म्हणालो. "तर परत आणू," सौभाग्यवती म्हणाल्या; आणि परत कोठे आणणार, हे दोघांच्याही एकदमच लक्षात येऊन पुढे कोणी बोलले नाही.

भेटले. दाराशी सत्तरी ओलांडलेली एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसली होती. शेजारी तेंदूची कापलेली पाने, तंबाखू, दोऱ्याची गुंडी. आम्ही वडिलांचे नाव सांगितले. तिला ते आठवले नाही. तेव्हा नातवाने हंडा रिक्षातून उतरवून तिच्यापुढे ठेवला. तिने कात्री खाली ठेवली. अक्षरे वाचण्यासाठी ती वाकली नाही. गळ्याशी नुसता अंगठा फिरविला.

"माझ्या बापाचं नाव आहे," ती म्हणाली. "माझ्या लग्नातला."

मग बराच वेळ ती नातवाशी तेलुगूत बोलत राहिली. त्याने जे सांगितले ते असे. दुष्काळाच्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणास माहेरी गेली होती. परत आली तो हंडा नव्हता. सासूने गहाण ठेवला म्हणून सांगितले. हिने विश्वास ठेवला नाही. विकला आणि पैसे लेकीला दिले, असेच तिने धरले. सासू म्हणे, कोठे ठेवला ते दाखविते. ही म्हणे, दाखवू नको. त्यावरून दोघी एका घरात राहून अकरा वर्षे सरळ बोलल्या नाहीत. १९८४ साली सासू वारली.

"खोटं बोलत नव्हती म्हातारी," बाई मराठीत म्हणाली. आमच्याकडे पाहून म्हणाली नाही. हंड्याकडे पाहून म्हणाली.

आम्ही काय बोलावे? घरून निघताना काही वाक्ये जुळवून ठेवली होती, त्यांत वडिलांचा चांगुलपणा होता, व्याज घेतले नाही याचा उल्लेख होता, परदेशी जाण्यापूर्वी कोणाचे देणे ठेवू नये अशासारखे एक बरेसे वाक्यही होते. त्यांतले एकही तेथे उच्चारण्याजोगे नव्हते. "फार उशीर झाला, अम्मा," एवढे सौभाग्यवती म्हणाल्या, आणि ते पुरेसे नव्हते तरी खरे होते.

निरोप घेऊन उठलो तो बाईने नातवास आत पाठविले. त्याने आणलेल्या वीस-वीसच्या दोन नोटा तिने आमच्यापुढे धरल्या. आम्ही हात मागे घेतला. पन्नास वर्षे वापरलेल्या भांड्याचे भाडे आम्हीच द्यावयास हवे, असे काहीसे म्हणालो. तिला ते रुचले नाही.

"सासूनं गहाण ठेवला होता," ती म्हणाली. "गहाण सोडवून घेतात, सर. फुकट घेतला तर ती खोटी पडते."

नोटा घेतल्या. तिने लागलीच विचारले, "वहीत कापलं का?" वही बरोबर आणली नव्हती. घरी जाऊन रेघ मारतो असे आम्ही सांगितले, तेव्हा तिने मान हलविली आणि पुन्हा कात्री उचलली.

रेघ त्याच रात्री मारली. तांबडी शाई घरात नव्हती. तपासण्याच्या वह्यांसाठी ठेवलेली एक जुनी तांबडी पेन्सिल सापडली, तिने मारली. बंब दुसऱ्या दिवशी मोडीत गेला, त्याविषयी मग फारसे वाटले नाही. विमानास अकरा दिवस उरले आहेत. पिशव्या भरून दाराशी उभ्या आहेत आणि काट्यावर त्या एकोणसाठ किलो आठशे ग्रॅम भरतात. लाल पुठ्ठ्याची वही, आत त्या दोन नोटा, हे सगळे मिळून एकशे ऐंशी ग्रॅम होते. सौभाग्यवतींनी ती काट्याला लावून पाहिली, पुन्हा काढली, आणि टेबलावर ठेवली आहे.